चार महिन्यांचा पीएफ पगारातून कापला, पण भरलाच नाही. आता किती बसेल?

हिंगणा_टी_पॉइंट · २३ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आज अख्खं नागपूर मारबतीच्या मिरवणुकीमागे 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत होतं आणि मी कारखान्यात टेबलाचे खण उपसत बसलो होतो.

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे. मी आणि मावसभाऊ, भागीदारी. कामावर २३ माणसं. हिशेब बघणारा गृहस्थ अकरा वर्षं होता, जुलैअखेर सोडून गेला. परवा पोळ्याचा बोनस वाटताना आमचा टर्नर म्हणाला, "साहेब, पासबुकात मार्चनंतर एंट्रीच नाही." मला वाटलं, यालाच बघता येत नसेल. फाइल काढली तर एप्रिल, मे, जून, तिन्ही चलनं नीट पंच करून लावलेली. वर टीआरआरएन, म्हणजे चलनाचा नंबर, खाली आमचा शिक्का. मनात म्हटलं, झालं की सगळं. मग बँकेचं स्टेटमेंट काढलं. पीएफच्या नावाचं एकही डेबिट नाही. चलन बनवलं, छापलं, फाइलला लावलं, पैसे मात्र गेलेच नाहीत. जुलैचं तर चलनही नाही.

सगळा दोष त्याच्यावर टाकावा तर तेही जमत नाही. एप्रिलमध्ये स्टीलवाल्याचं बिल डोक्यावर होतं तेव्हा "पीएफ दोन आठवडे थांबव" असं मीच बोललो होतो. ते दोन आठवडे नंतर कोणी मोजलेच नाहीत.

दर महिन्याचा आकडा: पीएफ लागणारा पगार ३,४५,००० (माणशी पंधरा हजार धरून). चलन ८६,२५०. त्यात कामगारांकडून कापलेले ४१,४००. त्याशिवाय मॅनेजरच्या पगारातून महिना ९,००० टीडीएस, म्हणजे आयकर, कापतो. नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला कर नाही, म्हणून बाकी कोणाचा टीडीएस नाही. तोही एप्रिलपासून भरलेला नाही, तिमाही रिटर्नही नाही. ईएसआयसी मात्र दुसऱ्या खात्यातून वेळेवर गेलेली दिसते. देवच जाणे कशी.

एकूण किती बसेल? आणि पोलिसांपर्यंत जातं का हे?

तर्रीबाज · २३ ऑगस्ट, रात्री ९.५८

काही नाही होत भाऊ. पंधरा तारखेनंतर पाच दिवसाची सूट असते. मग नोटीस येते, ती यायला दोन वर्षं. आमच्या जुन्या मालकानं असंच चालवलं. काहून टेन्शन घेऊन राहिले? उद्या रविवार आहे, तर्री पोहा खा.

चलनकाका · २३ ऑगस्ट, रात्री १०.२५

तर्रीबाज, पोहे खा पण सल्ला देऊ नका. ती पाच दिवसांची सवलत फेब्रुवारी २०१६ पासून बंद आहे. साडेनऊ वर्षं झाली, तरी दर महिन्याच्या १६ तारखेला मला एक तरी फोन येतो, "काका, वीसपर्यंत चालते ना?" नाही चालत.

हिंगणावाले, तुमचं सविस्तर उद्या लिहितो, हातात कॅल्क्युलेटर लागेल. तोवर एकच सांगा. पैसे कधी भरू शकाल?

हिंगणा_टी_पॉइंट · २३ ऑगस्ट, रात्री १०.३१

काका, ओडीची (ओव्हरड्राफ्टची) मर्यादा वाढवून मागितली आहे. बँक म्हणते गुरुवारी, २८ ला.

वेल्डर_बुटीबोरी · २४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

मी दुसऱ्या कंपनीतला हाय, बुटीबोरीचा. तुमचा टर्नर बोलला तरी. आमच्याकडं कोणी बोलत नाही, बोललं की दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवते. दर महिन्याले १,८०० कापते, पावतीवर छापून येते. पोरीच्या डिप्लोमाच्या फीसाठी ॲडव्हान्स काढायचा होता, उमंग ॲपवर पाहिलं तर नऊ महिन्यांचं काहीच जमा नाही. सायबाले इचारलं तर म्हणे "वरून प्रोसेसमध्ये आहे". वरून म्हणजे कुठून, ते नाही सांगितलं.

फी शेवटी बचत गटातून भरली, दोन टक्के महिन्यानं. तुम्ही लोक व्याज सरकारले देता, आम्ही बचत गटाले देतो. एवढंच सांगायचं होतं.

चलनकाका · २४ ऑगस्ट, दुपारी १२.५०

वेल्डर भाऊ, तुमच्यासाठी वेगळं लिहीन. आधी हिंगणावाल्यांचा हिशेब करू. २८ ऑगस्टला भरणार असं धरतो.

पीएफ. प्रत्येक महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला जायला हवेत. उशिरावर दोन गोष्टी लागतात आणि लोक त्या नेहमी एक समजतात. पहिली म्हणजे पीएफ कायद्याच्या कलम ७-क्यूचं व्याज, वर्षाला १२ टक्के, साधं, दिवसांवर. एप्रिलचा उशीर १०५ दिवस, मेचा ७४, जूनचा ४४, जुलैचा १३. चारही मिळून साधारण ६,७०० रुपये.

दुसरी, त्याच कायद्याच्या कलम १४-बीचे डॅमेजेस, म्हणजे उशिराचा दंड. १४ जून २०२४ पासून याचा दर बदलला. आता थकबाकीवर महिन्याला १ टक्का, आणि महिन्याचा तुकडा म्हणजे पूर्ण महिना. एप्रिलचे ४, मेचे ३, जूनचे २, जुलैचा १, म्हणजे ८६,२५० च्या १० टक्के, ८,६२५. दर कमी झाला म्हणून तेव्हा लोकांनी आनंद केला होता. जरा बघा तरी. जुन्या दरात दोन महिन्यांच्या आत वर्षाला ५ टक्के होते, चार महिन्यांपर्यंत १०, सहा महिन्यांपर्यंत १५ आणि त्यानंतर २५. म्हणजे वर्षानुवर्षं बुडवणाऱ्याला नवा दर स्वस्त पडला आणि तुमच्यासारख्या तीन-चार महिने चुकलेल्याला महाग. हे मला आजवर पटलेलं नाही, पण नियम तो आहे.

टीडीएस. पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. कापून भरला नाही तर महिन्याला दीड टक्का, कापल्याच्या तारखेपासून भरल्याच्या तारखेपर्यंत, आणि इथे मोजणी कॅलेंडरच्या महिन्यांची. तुम्ही पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी करता ना? मग ३० एप्रिलचा तो एक दिवससुद्धा एक महिना. एप्रिलचे ५ महिने झाले, साडेसात टक्के, ६७५ रुपये. मेचे ५४०, जूनचे ४०५, जुलैचे २७०. एकूण १,८९०.

आता २४-क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं तिमाही रिटर्न. पहिल्या तिमाहीचं रिटर्न ३१ जुलैला द्यायचं होतं. आयकर कायद्याचं कलम २३४-ई, उशिराची फी रोजचे २०० रुपये. २८ ला दिलंत तर २८ दिवसांचे ५,६००. ही फी टीडीएसच्या रकमेवर जात नाही, तुमच्या बाबतीत २७,००० च्या वर जाणार नाही, पण तिथपर्यंत कशाला न्यायचं. क्रम पाळा: आधी टीडीएस आणि व्याज, मग लेट फी, मग रिटर्न. उलट केलंत तर डिमांड येते आणि दुरुस्तीचं रिटर्न भरत बसावं लागतं.

आणि ३१ ऑगस्ट चुकवू नका. कलम २७१-एचचा दंड १०,००० पासून १ लाखापर्यंत आहे. कर, व्याज, फी भरून ठरल्या तारखेनंतर महिनाभरात रिटर्न दिलं तरच तो टळतो. पूर्वी ही मुदत वर्षाची होती. यंदाच्या १ एप्रिलपासून महिन्यावर आली, हे अजून निम्म्या अकाउंटंट मंडळींच्या कानावर नाही. ३१ ला रविवार आहे, त्याच्या भरवशावर बसू नका.

बेरीज करा: २२,८०० च्या आसपास. हुश्श केलंत? थांबा. मोठा फटका अजून सांगितलाच नाही. चहा घेऊन येतो.

तर्रीबाज · २४ ऑगस्ट, दुपारी १.०४

काकांनी तर इंटरव्हल केला ना बा.

इतवारी_होलसेल · २४ ऑगस्ट, दुपारी २.३०

मध्येच घुसतो. प्रोफेशनल टॅक्स पण बघून घ्या हिंगणा भाऊ. आमच्याकडे सहा नोकर, महिना दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे जेमतेम १५,०००. लाखाच्या आत असलं की वर्षाचं एकच रिटर्न, मार्चअखेर. एवढीशी रक्कम म्हणून मी दोन वर्षं विसरलो, प्रत्येक रिटर्नला १,००० लेट फी, व्याज वेगळं. बायकांना २५,००० पगारापर्यंत माफ आहे हे पण माहीत नव्हतं, दोघींचे उगाच कापत होतो. ते परत दिले तेव्हा दोघींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसून दाखवलं.

चलनकाका · २४ ऑगस्ट, दुपारी ४.१५

आलो.

कामगाराच्या पगारातून तुम्ही ४१,४०० कापता, तेव्हा आयकर कायदा ती रक्कम आधी तुमचं उत्पन्न मानतो. पंधरा तारखेच्या आत पीएफमध्ये भरली, तर कलम ३६(१)(व्हीए) खाली वजावट मिळते. एक दिवस चुकला तर वजावट नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मालकाचा हिस्सा वेगळा. तो रिटर्नच्या तारखेपर्यंत भरला तरी कलम ४३-बीमुळे खर्च म्हणून चालतो. पूर्वी काही उच्च न्यायालयं कामगाराच्या हिश्शालाही तीच सवलत देत होती. १२ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात ते दार बंद केलं. निकालाचा गाभा सोपा आहे: मालकाचा हिस्सा मालकाचा पैसा, कापलेला हिस्सा कामगाराचा पैसा, मालक फक्त सांभाळणारा.

तुमचं गणित मांडतो. ४१,४०० चौक १,६५,६००. भागीदारी फर्मला ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस. जवळपास ५१,७००. व्याज, डॅमेजेस, फी सगळं मिळून २२,८००, आणि हा एकटा ५१,७००. साडेचौऱ्याहत्तर हजार.

जुलैचा हिस्सा १५ ऑगस्टला जायला हवा होता. तेरा दिवसांच्या उशिराला ४१,४०० वर जवळजवळ तेरा हजारांचा कर. म्हणून माझ्या सगळ्या क्लायंटना सांगतो, पैसे कमी असले तर स्टीलवाला थांबवा, जीएसटीचं बघू, पण पगारातून कापलेलं आधी भरा.

हिंगणा_टी_पॉइंट · २४ ऑगस्ट, सायंकाळी ६.०५

एप्रिलमध्ये स्टीलवाल्याने दोन आठवडे उशिरासाठी माझ्याकडून काहीच मागितलं नसतं, काका. त्याची सवय आहे.

मावसभावाला ५१ हजारांचं सांगितलं. तो म्हणतो, गेलेल्या अकाउंटंटची ग्रॅच्युइटी द्यायची आहे, ती रोखू. नुकसान त्यानेच केलं ना?

धंतोलीची_वकील · २४ ऑगस्ट, रात्री ८.२०

अजिबात नको. ग्रॅच्युइटी जप्त करायचा मार्ग कलम ४(६) मध्ये आहे, तो सेवा संपुष्टात आणली तर. हे गृहस्थ राजीनामा देऊन गेलेत, आणि "थांबव" तर तुम्हीच म्हणालात, इथे लिहूनही टाकलंत. अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्या. जुलैअखेर गेले म्हणजे ही मुदतही ३० ऑगस्टलाच संपते. नाहीतर एक प्रकरण मिटवता मिटवता दुसरं उघडाल.

आता तुमचा पहिल्या दिवशीचा प्रश्न, पोलिसांचा. काकांनी तो अलगद टाळला. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा भारतीय दंड संहितेत विश्वासघाताच्या व्याख्येखाली येत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतो. पीएफ कायद्याच्या कलम १४ मध्ये कापलेला हिस्सा न भरल्यास किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि १०,००० दंड आहे. टीडीएसचं कलम २७६-बी तर तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून एक पळवाट आहे: त्या तिमाहीच्या रिटर्नच्या तारखेपर्यंत पैसे भरले तर खटला नाही. तुमच्या पहिल्या तिमाहीला ती मिळणार नाही, ३१ जुलै गेली. जुलैच्या टीडीएसला मिळेल.

घाबरवण्यासाठी नाही लिहीत. स्वतःहून व्याजासह भरणाऱ्या छोट्या मालकाला कोर्टात खेचलेलं मी क्वचित पाहिलं. पण "मला माहीत नव्हतं, अकाउंटंटने केलं" हा बचाव डॅमेजेससाठी चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १४-बीसाठी हेतू सिद्ध करायची गरजच नाही. उशीर झाला म्हणजे झाला. आणि १४-बीची नोटीस यायला कायद्यात मुदत नाही. तर्रीबाज म्हणतात ती दोन वर्षं सूट नव्हे, मीटर चालू असतं.

वेल्डर दादा, तुम्ही तक्रार नाव उघड न होऊ देता करू शकता. पीएफच्या तक्रार पोर्टलवर करा किंवा रघुजीनगरच्या भविष्य निधी भवनात लेखी द्या आणि नाव गुप्त ठेवायची विनंती त्यातच लिहा. नऊ महिन्यांच्या पगारपावत्यांचे फोटो आजच काढून ठेवा. पीएफ कायद्याच्या कलम ७-ए खाली थकबाकीची चौकशी लागली तर तुमची पावती हाच पुरावा, आणि वसुली मालकाच्या बँक खात्यातूनही होऊ शकते.

वेल्डर_बुटीबोरी · २४ ऑगस्ट, रात्री ९.०२

ताई, पावत्या हायेत. एक फाटली हाय, पण आकडा दिसते.

वऱ्हाडी_इन_जर्सी · २५ ऑगस्ट, पहाटे ५.४०

मी मूळचा त्रिमूर्ती नगरचा, इकडे किराणा दुकान चालवतो, आठ माणसं. इकडचं थोडं सांगतो, तुलना करायला बरं. छोट्या मालकाला इकडेही पगारावरचा कर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला भरावा लागतो. एक ते पाच दिवस उशीर, २ टक्के. सहा ते पंधरा दिवस, ५ टक्के. त्याहून जास्त उशीर, १० टक्के, आणि नोटीस येऊनही नाही भरलं तर १५. तिमाही फॉर्म ९४१ उशिरा दिला तर थकलेल्या कराच्या ५ टक्के दर महिन्याला, २५ टक्क्यांपर्यंत.

खरी धास्ती वेगळीच. कामगाराच्या पगारातून कापलेल्या पैशाला इथे 'ट्रस्ट फंड' म्हणतात. तो जाणूनबुजून बुडवला तर तेवढीच शंभर टक्के रक्कम जबाबदार माणसाच्या खिशातून वसूल करतात, कंपनी असो वा नसो, घर विकावं लागलं तरी. जबाबदार माणूस म्हणजे मालकच असं नाही. चेकवर सहीचा अधिकार असेल आणि कोणाला आधी द्यायचं ते ठरवत असेल, तर हिशेबनीसही अडकतो. तुमचा तो गृहस्थ इथे असता तर इतक्या सहज राजीनामा देऊन गेला नसता.

इतवारी_होलसेल · २५ ऑगस्ट, सकाळी १०.१०

आणि आयकरवाले अधिकारी घडतात कुठं? आपल्या छिंदवाडा रोडवरच्या अकादमीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर्रीबाज · २५ ऑगस्ट, सकाळी १०.३२

मी सल्ला मागे घेतो. जुन्या मालकाकडचं माझं पासबुक पाहिलं. चौदा महिने कोरे हायेत. आतापर्यंत कधी उघडूनच नव्हतं पाहिलं राजेहो.

चलनकाका · २५ ऑगस्ट, सकाळी ११.००

धंतोलीच्या ताईंनी वर लिहिलंय ते तुम्हालाही लागू, तर्रीबाज. तो मालक अजून धंद्यात आहे का? असेल तर वेल्डर भाऊंसोबतच जा, एक ऑटो पुरेल.

हिंगणा_टी_पॉइंट · २८ ऑगस्ट, रात्री १०.१५

काल घरी गणपती बसला. आज सकाळी साडेअकराला ओडी चालू झाली, पहिली चार पीएफची चलनं भरली. जुनी तीन चलनं फाइलमधून काढून फाडणार होतो, नंतर ठेवली. वर लाल पेनाने 'भरलं नव्हतं' लिहून.

टीडीएसचे ३६,००० आणि व्याज गेलं, लेट फी गेली. रिटर्न संध्याकाळी सहाला अपलोड केलं, टोकन नंबर आला. अकाउंटंटची ग्रॅच्युइटीही आज चेकने दिली, मावसभाऊ तोंड वाकडं करून सही करत होता.

चहाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावून सांगितलं: चार महिने तुमचा पैसा माझ्याकडे होता, आता गेला, आठवडाभराने पासबुक बघा. वाटलं होतं कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. टर्नर फक्त म्हणाला, "बघतो." नंतर बघितलं तर त्याने शेडच्या भिंतीवर खडूने चार महिन्यांची नावं लिहून ठेवली आहेत, पुढे खूण करायला चौकोन सोडून.

वेल्डर_बुटीबोरी · २९ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आम्ही दोघं सोमवारी जाऊन राहिलो. ऑटो नाही, बसनं.

हिंगणा_टी_पॉइंट · २ सप्टेंबर, दुपारी १.२०

भिंतीवर दोन चौकोनांत खूण झाली. एप्रिल आणि मे.

चलनकाका · २ सप्टेंबर, दुपारी १.४५

१४-बीची नोटीस आली की इथेच टाका, उत्तर मिळून लिहू. ऑगस्टचा टीडीएस ७ ला आहे, पण ७ ला रविवार, ६ ला विसर्जन, ५ ला ईद. ४ लाच भरा.

हिंगणा_टी_पॉइंट · २ सप्टेंबर, दुपारी १.५२

आताच भरतो काका.